‘मॅडमचा नंबर आहे का?’ : नाशिकमधल्या तज्ज्ञ स्त्रियांना माध्यमांत बोलतं करण्यासाठी

१९ ऑगस्ट २०२३, शनिवार. केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. अशा संध्याकाळी नाशिकच्या कुठल्याही दैनिकाच्या कचेरीत काय चालतं, हे डेस्कवर काही वर्षं काढलेलं कुणीही डोळे मिटून सांगेल. मूळ बातमी दिल्लीहून येते. शहर आवृत्तीला हवी असते ती प्रतिक्रियांची चौकट. बातमीदार फोनमधली नावं वर-खाली करतो: बाजार समितीचे सभापती, व्यापारी संघटनेचे पदाधिकारी, शेतकरी संघटनेचे नेते, अर्थशास्त्राचे एखादे निवृत्त प्राध्यापक. सगळे पुरुष. पान वेळेत सोडायचं असतं, नवं नाव शोधायला सवड नसते. त्यात कुणाचा वाईट हेतू असतोच असं नाही. जो नंबर आहे आणि जो उचलला जातो, तोच माणूस तज्ज्ञ ठरतो.

मग ८ मार्च येतो, आणि त्याच कचेरीला अचानक पानभर कर्तबगार महिला सापडतात. त्यांना विचारलं काय जातं? ‘घर आणि करिअर कसं सांभाळता?’

हे केवळ आपल्याकडचं दुखणं नाही. ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट हा उपक्रम साधारण दर पाच वर्षांनी जगभरातल्या बातम्या तपासतो. बातम्यांत दिसणाऱ्या-बोलणाऱ्या माणसांत १९९५ मध्ये स्त्रिया १७ टक्के होत्या, २०२० मध्ये २५. म्हणजे पंचवीस वर्षांत आठ टक्के. तज्ज्ञ म्हणून बोलणाऱ्यांत २०२० मध्ये चारांत एक एवढ्याही स्त्रिया नव्हत्या. या वेगाने बरोबरी व्हायला आपली नातवंडंही पुरायची नाहीत.

हा लेख तीन तऱ्हेच्या लोकांसाठी आहे. कॉलेज, दवाखाना, वकील संघ, बचत गट किंवा एखादा क्लब अशा ठिकाणी असलेले आणि आपल्या भोवतीच्या जाणकार बायकांचा आवाज बाहेर जावा असं वाटणारे, हे पहिले. दुसऱ्या, स्वतः त्या जाणकार बाई. तिसरे, वृत्तपत्रात किंवा चॅनेलमध्ये बसलेले. ‘बोला हो, घाबरू नका’ असं सांगून फारसं काही होत नाही, हे मी पुरेसं पाहिलंय. होतं ते व्यवस्थेने. नाव योग्य फोनमध्ये असणं, परवानगी आधीच खिशात असणं, तीन वाक्यं तयार असणं आणि नंतर गोंधळ झालाच तर मागे माणसं असणं, ही ती व्यवस्था. ती कशी उभी करायची, ते पुढे.

पहिलं काम: मोजा

तक्रार घेऊन संपादकाकडे जाऊ नका, आकडे घेऊन जा. दोन आठवडे तीन दैनिकांची शहर पानं घ्या. देशदूत आणि गावकरी ही मूळ नाशिकची. लोकमत, सकाळ, लोकसत्ता, महाराष्ट्र टाइम्स, दिव्य मराठी यांच्यापैकी कुठलंही एखादं. वहीत रकाने आखा: तारीख, विषय, बोलणारी व्यक्ती, स्त्री की पुरुष, आणि कोणत्या नात्याने बोलली. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. स्त्रिया बातम्यांत नसतात असं नाही, पण त्या बऱ्याचदा पीडित, प्रत्यक्षदर्शी किंवा ‘गृहिणी म्हणाल्या’ म्हणून असतात. भाव वाढले की भाजी घेणाऱ्या बाईंना विचारायचं आणि भाव का वाढले ते सरांना, अशी ती वाटणी.

मोजताना एक युक्ती बीबीसीकडून घेण्यासारखी आहे. तिथे रॉस ॲटकिन्स या निवेदकाने २०१७ मध्ये आपल्या कार्यक्रमातली स्त्री-पुरुषांची रोजची मोजदाद सुरू केली आणि त्यातून ‘फिफ्टी-फिफ्टी’ हा उपक्रम उभा राहिला. नियम साधा: जिथे निवड आपल्या हातात आहे तेवढंच मोजायचं. पालकमंत्री, महापालिका आयुक्त, पोलीस आयुक्त ही माणसं बातमीच्या ओघात येतात, त्यांना पर्याय नसतो, म्हणून ती हिशेबात धरायची नाहीत. पण गोदावरीच्या प्रदूषणावर कुणाला विचारायचं ही निवड असते. हा फरक केला की संपादकाला ‘अहो, आयुक्तच पुरुष आहेत, मी काय करू?’ असं म्हणायला जागा उरत नाही.

यादी, आणि तिच्यात कोण

यादी करायला बसलं की पहिल्या तासात डॉक्टर, प्राध्यापिका आणि वकील एवढीच नावं सुचतात. तिथे थांबू नका. नाशिक हे ज्ञानाच्या बाबतीत चांगलंच श्रीमंत गाव आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथे आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ इथे आहे आणि त्याचं कृषी विज्ञान केंद्रही. दिंडोरी रोडवरच्या मेरीत, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, धरणं, माती, पाणी यांवर संशोधन चालतं. मविप्रची, म्हणजे मराठा विद्या प्रसारक समाजाची, कॉलेजं जिल्हाभर पसरलेली आहेत. या सगळ्या ठिकाणी काम करणाऱ्या स्त्रियांपैकी किती जणींचं नाव गेल्या वर्षभरात छापून आलं, हे तुम्हीच आठवून पाहा.

त्यापलीकडे जा. द्राक्ष निर्यातीसाठी औषधांच्या उर्वरित अंशाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेतली रसायनतज्ज्ञ. स्वतःची बाग आणि शेतकरी उत्पादक कंपनी चालवणारी दिंडोरीची बाई. येवल्याच्या पैठणीच्या धंद्याचा ताळेबंद जाणणारी विणकर. मालेगावच्या यंत्रमाग कामगारांच्या आजारांबद्दल बोलू शकणारी डॉक्टर. सुरगाणा-पेठमधली वनहक्काचे दावे भरून देणारी कार्यकर्ती. पंधरा-वीस वर्षं एकाच पाड्यावर काम केलेली आशाताई कुपोषणाबद्दल जे सांगेल, ते शहरातल्या अनेक पदवीधरांना सांगता येणार नाही. माध्यमांना ‘डॉ.’ आवडतं हे खरं, पण वाचकाला नेमकी माहिती आवडते.

‘तुम्ही तज्ज्ञ आहात का?’ असं चुकूनही विचारू नका. उत्तर ‘छे हो’ असंच येईल. विचारा: ‘गेल्या दोन-तीन वर्षांत लोक तुमच्याकडे कोणता प्रश्न घेऊन येतात?’ ज्या प्रश्नासाठी लोक तिच्या दारात येतात, तो तिचा विषय.

प्रत्येकीची नोंद अर्ध्या पानाची करा. नाव कसं छापायचं ते तिच्याकडूनच लिहून घ्या. ‘सौ.’ लावायचं का, नवऱ्याचं नाव मध्ये हवं का, माहेरचं आडनाव ठेवायचं का, ‘डॉ.’ गाळायचं नाही ना. नंतर तीन विषय, तेही अरुंद. ‘पर्यावरण’ असं लिहिलं तर बातमीदाराला काहीच कळत नाही. ‘गोदावरीत मिसळणारं सांडपाणी आणि पाण्याची तपासणी’ असं लिहिलं तर तो योग्य दिवशी योग्य फोन करतो. कोणत्या विषयावर बोलणार नाही, तेही लिहा. भाषा लिहा: मराठी, हिंदी, इंग्रजी, शिवाय अहिराणी किंवा उर्दू येत असेल तर अवश्य. फोन घेण्याच्या सोयीच्या वेळा, कॅमेऱ्यासमोर येण्याची तयारी, आणि कार्यालयाची परवानगी आहे की नाही.

एक अट मोडू नका: तिच्या लेखी होकाराशिवाय नंबर कुणालाही द्यायचा नाही. यादी व्हॉट्सॲपवर फिरवायची नाही. सुरुवातीला एक समन्वयक नेमा, फोन तिच्याकडे किंवा त्याच्याकडे येऊ द्या, आणि तो पुढे जोडून द्या. काही जणी यासाठी दुसरं सिम घेतात. ते उत्तम.

‘सरांना विचारा ना’

इथे खरी अडचण आहे, म्हणून जरा थांबू. बातमीदारांची जुनी तक्रार असते: ‘आम्ही विचारतो, त्याच नाही म्हणतात.’ त्यात तथ्य आहे. पण नकाराची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाला औषध वेगळं.

‘माझा एवढा अभ्यास नाही.’ हे म्हणणारी बाई बहुधा विषयात मुरलेली असते, म्हणूनच तिला आपल्या माहितीच्या कडा दिसतात. तिला धीर देत बसू नका. प्रश्न लहान करा. ‘अवकाळी पावसाने द्राक्षांचं किती नुकसान झालं?’ हा प्रश्न कुणालाही घाबरवेल. ‘फुलोऱ्यातल्या बागेवर रात्रभर पाऊस पडला तर काय होतं?’ याचं उत्तर ती चहाचा कप हातात धरून देईल.

‘सरांना विचारा.’ विभागप्रमुख असताना आपण बोललो तर त्यांना आवडणार नाही, ही भीती शंभर टक्के खरी असू शकते. बाईंना समजावून उपयोग नाही, सरांशी बोलायला हवं. प्राचार्यांकडून एक साधं परिपत्रक निघालं की ‘आपापल्या विषयावर प्राध्यापकांनी माध्यमांना माहिती द्यावी, विभागप्रमुखांना कळवावं’, तर अर्धी भिंत पडते. आणि सरांनीही एक सवय लावून घ्यावी. रोज फोन येणाऱ्या पुरुषांनी महिन्यातून काही फोन नाकारावेत, पण नाकारताना नाव द्यावं: ‘यावर आमच्या मॅडमचं काम माझ्यापेक्षा जास्त आहे, त्यांना विचारून सांगतो.’ नुसतं ‘मला वेळ नाही’ म्हटलं की फोन दुसऱ्या सरांकडे जातो. मला विचाराल तर या लेखातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय हाच आहे.

‘मागे चुकीचं छापलं होतं.’ याला हसण्यावारी नेऊ नका. जिच्या तोंडी भलतंच वाक्य घातलं गेलं आणि जिला स्टाफरूममध्ये आठवडाभर ऐकून घ्यावं लागलं, ती पुन्हा का बोलेल? तिला लेखी प्रतिक्रिया देण्याचा पर्याय द्या. साठ-सत्तर शब्द टाइप करून पाठवले तर वाकडंतिकडं व्हायला वाव कमी राहतो आणि पुरावाही हातात राहतो.

‘घरी विचारून सांगते.’ यावर शहरी मंडळी पटकन नाक मुरडतात. तसं करू नका. रात्री चॅनेलवर बसायचं, परत यायचं, गल्लीत चर्चा होणार, या गोष्टी घराला लागूनच येतात. तिला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या. सुरुवात घरबसल्या होणाऱ्या गोष्टीने करा. आकाशवाणी नाशिकचं ध्वनिमुद्रण हीसुद्धा चांगली पहिली पायरी: चेहरा दिसत नाही, वेळ आधी ठरते, कुणी मध्येच तोडत नाही.

आणि कधी कधी नकार हा नकार असतो. तो मान्य करा.

परवानगीचं आधी मिटवा

बातमी आल्यावर परवानगी मागायला गेलं की बातमी शिळी होते. शासकीय नोकरीत असलेल्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. त्यांत माध्यमांशी संबंध आणि शासनाच्या धोरणावर टीका यांवर बंधनं आहेत. निव्वळ वाङ्मयीन, कलाविषयक किंवा शास्त्रीय स्वरूपाच्या लेखनाला मात्र सवलत आहे. जुलै २०२५ मध्ये समाजमाध्यमांच्या वापराबद्दलही शासनाने सूचना काढल्या आहेत. म्हणजे आरोग्य खात्यातली डॉक्टर डेंग्यूचा डास कसा वाढतो हे सांगू शकते, पण महापालिकेने फवारणी का केली नाही यावर बोलताना तिने सांभाळावं. दोन्हींतली रेघ आस्थापना विभागाला लेखी विचारून घ्यावी. खासगी आणि अनुदानित संस्थांचे नियम वेगळे असतात, तेही बघावेत.

अर्ज चार ओळींचा पुरतो: ‘माझ्या अमुक विषयावर शैक्षणिक व शास्त्रीय माहिती देण्यासाठी वृत्तपत्रं, आकाशवाणी व वृत्तवाहिन्यांशी बोलण्याची सर्वसाधारण परवानगी मिळावी. मी व्यक्त करेन ती मतं वैयक्तिक असतील व संस्थेच्या धोरणावर मी भाष्य करणार नाही.’ अर्जावर पोच घ्यायला विसरू नका.

डॉक्टरांनी रुग्णाची ओळख पटेल असं काही बोलू नये आणि स्वतःच्या दवाखान्याची जाहिरात होईल असंही नको. वकिलांनी स्वतःकडे चालू असलेल्या खटल्यावर बोलू नये. कायदा समजावून सांगायला कुणाची ना नाही.

तीन वाक्यं

वृत्तपत्रातली प्रतिक्रिया साधारण चाळीस ते सत्तर शब्दांची. टीव्हीवरचा बाईट वीस-तीस सेकंदांचा. एवढ्यात प्रबंध बसत नाही. तीन वाक्यं पुरतात: काय झालंय, कुणाला त्याचा फटका किंवा फायदा, आणि आज काय सांगता येणार नाही. तिसरं वाक्य बरेच पुरुष तज्ज्ञ गाळतात, म्हणून ते म्हणणारी तज्ज्ञ लक्षात राहते.

उदाहरण घेऊ. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला, गोडी (म्हणजे फळांसाठीच्या) छाटणीनंतरच्या द्राक्षबागा फुलोऱ्यात आहेत. वनस्पतिरोग शिकवणाऱ्या मॅडम पहिल्या झटक्यात लिहितात: ‘सापेक्ष आर्द्रतेत झालेल्या वाढीमुळे बुरशीजन्य रोगांच्या प्रादुर्भावास पोषक परिस्थिती निर्माण झाली असून उत्पादनावर विपरीत परिणाम संभवतो.’ चूक काहीच नाही, पण निफाडचा बागाईतदार हे वाचून पान उलटतो. हेच असं सांगता येतं: ‘पानं रात्रभर ओली राहिली की डाऊनी वाढतो. ज्यांची बाग फुलोऱ्यात आहे त्यांना गळकुजीचा धोका जास्त. किती नुकसान झालं हे आज सांगणं घाईचं होईल, दोन-तीन दिवसांत घड पाहूनच कळेल.’ हे वाक्य बातमीदार जसंच्या तसं उचलतो, कारण त्याला त्यात काही दुरुस्त करावं लागत नाही.

याचा सराव गटात करा. एक जण बातमीदार होतो, मोबाइलवर ध्वनिमुद्रण लावतो, उलटसुलट विचारतो, मध्ये तोडतो. मग सगळे मिळून ऐकतात. आपला आवाज ऐकायला पहिल्यांदा नको वाटतं, ते सगळ्यांचंच होतं. शब्दसंख्या मोजा, इंग्रजी संज्ञांना बागेतला, वॉर्डातला, कोर्टातला मराठी शब्द शोधा. जिथे इंग्रजीच रुळलेलं आहे तिथे ते राहू द्या. ‘डाऊनी’ला शुद्ध मराठी शोधत बसलात तर शेतकऱ्यालाच कळणार नाही.

फोन येतो तेव्हा

तो सातच्या सुमारास येतो. कुकर लावलेला असतो, मुलाचा गृहपाठ चाललेला असतो. त्याच वेळी सर सोफ्यावर बसून सविस्तर बोलू शकतात, आणि हेच अनेकदा निवडीचं खरं कारण असतं. उपाय असा: फोन उचला, लगेच उत्तर देऊ नका. आधी विचारा: कोणत्या दैनिकातून बोलताय? बातमी नेमकी काय आहे? आणखी कुणाशी बोललात? कधीपर्यंत हवंय? मग म्हणा, ‘वीस मिनिटांत व्हॉट्सॲपवर पाठवते.’ आणि खरंच वीस मिनिटांत पाठवा. व्हॉइस नोटही चालते, पण आधी तीन वाक्यं कागदावर उतरवून मग बोला. वेळ पाळणारी तज्ज्ञ बातमीदाराच्या यादीत वर चढते. विद्वत्तेचा क्रमांक त्यानंतर लागतो, हे कटू आहे पण असंच आहे. त्या वीस मिनिटांत कुकरची शिट्टी मोजायला घरातलं दुसरं कुणी उठलं पाहिजे, हेही लिहून ठेवतो.

पूर्ण बातमी आधी दाखवा असा हट्ट धरू नका, बहुतेक बातमीदार ती दाखवत नाहीत. ‘माझं वाक्य एकदा वाचून दाखवा’ एवढं मात्र हक्काने म्हणा. छापायचं नसेल ते सांगण्याआधी ‘हे छापण्यासाठी नाही’ असं बोला आणि समोरच्याने हो म्हटल्यावरच पुढचं सांगा. सांगून झाल्यावर म्हटलं तर ते त्याच्यावर बंधनकारक राहत नाही.

विषय आपला नसेल तर सरळ सांगा आणि यादीतल्या दुसरीचं नाव सुचवा. यादी अशीच वाढते.

कॅमेरा आणि चर्चा

नाशिकमध्ये आता छोट्या यूट्यूब चॅनेलांची गर्दी आहे. काही उत्तम काम करतात, काही थंबनेलवर आग ओकतात. होकार देण्याआधी त्यांचे शेवटचे पाच-सहा व्हिडिओ बघा आणि मथळा काय देणार ते विचारा.

घरून बोलायचं असेल तर खिडकीकडे तोंड करून बसा, फोन डोळ्यांच्या उंचीवर आडवा ठेवा, पंखा बंद करा. कपड्यांबद्दल सल्ला मागितला जातो, माझ्याकडे नाही. पुरुषांना कुणी देत नाही.

पॅनेलवर बोलावलं तर आणखी कोण आहेत, किती जण आहेत, विषय कसा मांडणार, हे विचारा. पाच जणांच्या आरडाओरड्यात एकटी स्त्री म्हणून बसवत असतील तर नाही म्हणायला संकोच नको. दुसऱ्या स्त्री तज्ज्ञाचं नाव सुचवून ‘दोघींना बोलवा’ म्हणता येतं. मध्ये तोडलं तर आवाज न चढवता ‘माझं वाक्य पूर्ण करते’ म्हणायचं आणि खरोखर पूर्ण करायचं. ‘मॅडम, एक स्त्री म्हणून तुम्हाला काय वाटतं?’ असा प्रश्न आला आणि विषय धरणाच्या विसर्गाचा असेल, तर उत्तर विसर्गाचंच द्या.

बातमी यायच्या आधी तयार राहा

नाशिकच्या बऱ्याच बातम्यांना पंचांगासारख्या तिथी असतात. जानेवारी ते मार्च द्राक्षांचा हंगाम. १ फेब्रुवारीला केंद्राचा अर्थसंकल्प. एप्रिल-मेमध्ये त्र्यंबक, पेठ, सुरगाण्यातल्या वाड्यांवर टँकर आणि डोक्यावरचे हंडे. पावसाळ्यात गंगापूर धरणाचा विसर्ग, आणि गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं याची गावभर चर्चा. ऑक्टोबरात मराठवाड्यातलं जायकवाडी धरण ६५ टक्के भरलं की नाही, यावरून नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा वाद. कांद्याचं तर विचारूच नका: डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये ती उठली, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क निम्मं, १ एप्रिल २०२५ पासून रद्द. प्रत्येक वळणावर चौकट छापली गेली.

म्हणून वर्षाचं कोष्टक करा आणि प्रत्येक विषयासमोर दोन नावं लिहा. घटना घडण्याच्या पंधरा दिवस आधी त्या दोघींकडून अर्ध्या पानाचं टिपण घ्या: आकडे, पार्श्वभूमी, तीन वाक्यं. ते बातमीदाराला आधीच पाठवून ठेवा. त्याला ते लगेच लागणार नाही. पण ज्या संध्याकाळी विसर्ग सोडला जाईल, तेव्हा फोनमध्ये ‘विसर्ग’ शोधल्यावर तुमचं टिपण वर येईल.

लेखाचंही असंच. संपादकीय पानासाठी सहाशे-सातशे शब्द, एकच मुद्दा, पहिल्या दोन ओळींत ‘हे आजच का’ याचं उत्तर. ईमेलमध्ये स्वतःची ओळख दोन ओळींत द्या आणि लेख एका वेळी एकाच दैनिकाकडे पाठवा. चार दिवसांत उत्तर नसेल तर कळवून दुसरीकडे द्या. पहिला लेख नाकारला जाणं ही नेहमीची गोष्ट आहे.

आणि समोर सिंहस्थ कुंभमेळा आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. गर्दीचं नियोजन, साथीचे आजार, नदीचं पाणी, तपोवनातली झाडं, घाटावर स्त्रियांसाठी कपडे बदलण्याच्या जागा आणि स्वच्छतागृहं, घरभाडं, वाहतूक, कचरा वेचणाऱ्यांचं काम. या प्रत्येकावर बोलू शकणारी स्त्री या शहरात आहे. देशभरातले बातमीदार इथे उतरतील तेव्हा ते पहिल्याच दिवशी विचारतील, ‘इथे कुणाशी बोलावं?’ त्या वेळी कुणाच्या तरी हातात यादी असायला हवी.

शिव्या आल्या तर

पुरुष चुकला तर त्याच्या मुद्द्यावर टीका होते, स्त्री बोलली तर तिच्या दिसण्यावर, जातीवर, घरावर. हे आधी सांगून टाका. गोड बोलून कुणाला पुढे ढकलू नका.

पहिला नियम: आलेल्या कमेंट तिने वाचायच्या नाहीत, गटातल्या दुसऱ्या कुणी वाचायच्या. मतभेद एका बाजूला, धमकी आणि अश्लीलता दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या ढिगाचे स्क्रीनशॉट लिंक, तारीख आणि खात्याच्या नावासकट ठेवा, मगच तक्रार करा. आधी काढायला लावलं तर पुरावा जातो. सतत पाठलाग करणं, ऑनलाइनसुद्धा, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. शब्दांनी वा हावभावांनी स्त्रीच्या लज्जेचा अपमान कलम ७९ खाली. बनावट, छेडछाड केलेलं अश्लील छायाचित्र टाकलं गेलं असेल तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तिने तक्रार केल्यापासून दोन तासांत (फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीआधी ही मुदत २४ तासांची होती) ते हटवण्याची जबाबदारी संबंधित मंचावर आहे. शहरात सायबर पोलीस ठाणं आहे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते, महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. तक्रारीला जाताना सोबत कुणी तरी जावं, शक्यतो संस्थेचं.

संस्थेने याच वेळी बोलायचं असतं. ‘त्या आमच्या विषयतज्ज्ञ आहेत आणि आम्ही त्यांच्या पाठीशी आहोत’ एवढं एक वाक्य प्राचार्यांच्या किंवा अध्यक्षांच्या सहीने आलं, तर दुसऱ्या दिवशी यादीतल्या बाकीच्या जणींचे फोनही चालू राहतात.

संपादकांना आणि कार्यक्रम ठरवणाऱ्यांना

थोडक्यात सांगतो, कारण तुम्हाला वेळ नसतो. प्रत्येक बीटच्या, म्हणजे नेमून दिलेल्या विषयाच्या, बातमीदाराकडे किमान पाच स्त्री तज्ज्ञांचे नंबर असावेत आणि तो सुटीवर गेला तर पुढच्याला मिळावेत. पुरवणीतून ओळखीची झालेली बाई पहिल्या पानाच्या बातमीलाही विचारा. रात्रीच्या चर्चेला बोलावलं तर ये-जा करायला गाडी द्या. पद आणि नाव तपासून छापा. चूक झाली तर त्याच पानावर दुरुस्ती द्या.

व्याख्यानं ठरवणाऱ्यांसाठी आणखी एक. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते, वर्षभर कुठे ना कुठे परिसंवाद असतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा देशांतली जवळपास अडीचशे शैक्षणिक व्याख्यानं तपासली गेली. पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की त्यानंतर स्त्रियांचे प्रश्न कमी येतात, असं त्यात दिसलं. तर सूत्रसंचालकाने माइक आधी बाईंकडे द्यावा. बातमीदार सभागृहातच बसलेले असतात, नेमका प्रश्न विचारणारी बाई त्यांच्या नजरेत भरते, आणि कार्यक्रम संपल्यावर ते नंबर मागायला येतात.

यादी दर सहा महिन्यांनी ताजी करा. नंबर बदलतात, बदल्या होतात, कुणी निवृत्त होते, कुणाचा विषय रुंदावतो. त्याच वेळी पहिल्या कामाची वही पुन्हा काढून तीच तीन दैनिकं, तितकेच दोन आठवडे, त्याच रकान्यांनी मोजा. आकडा हलला नसेल तर बातमीदारांना चहाला बोलवा आणि कोणत्या फोनला उत्तर मिळालं नाही ते विचारा. बहुधा अडचण दोन-तीन नावांपाशीच अडकलेली निघते.